रात्री नऊच्या सुमारास टीव्हीपर्यंत किती वेग पोहोचतो?

घरी चित्रपट, मालिका आणि सामने विनाअडथळा पाहता यावेत यासाठी इंटरनेटचा किती वेग पुरेसा असतो, हे विचारणारी बरीच पत्रे या सदराकडे आली आहेत. त्यांतील चार पत्रे आणि त्यांची उत्तरे येथे देत आहे. पहिल्या पत्रात बहुतेकांच्या अडचणी एकवटलेल्या असल्यामुळे त्याचे उत्तर सविस्तर दिले आहे.

प्रश्न : शिवाजी पेठेतील जुन्या वाड्यात आम्ही सहाजण राहतो. घरात ४० एमबीपीएसचे फायबर कनेक्शन आहे. राउटर बाहेरच्या सोप्यात आणि टीव्ही माजघरात आहे. दुसरा लहान टीव्ही मुलाच्या खोलीत आहे. रात्री जेवणे आटोपून चित्रपट लावला की दर पाच-दहा मिनिटांनी चित्र थांबते आणि पडद्यावर मधोमध गोल फिरू लागते. पुण्यातील धाकटा मुलगा ३०० एमबीपीएसचा प्लॅन घ्या म्हणतो, कनेक्शन देणाराही तेच सांगतो. मी गणिताचा शिक्षक म्हणून निवृत्त झालो असून हिशेब समजल्याशिवाय पैसे भरणे मनाला पटत नाही. आमच्या घराला नेमका किती वेग लागतो, हे कसे काढावे?
– एक निवृत्त शिक्षक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : सर, आधी हिशेब आणि मग पैसे हा आपला आग्रह अगदी योग्य आहे, आणि हा हिशेब वाटतो त्यापेक्षा सोपा आहे. प्रथम एकक पाहू, कारण पुष्कळांची गल्लत तिथेच होते. प्लॅनवर लिहिलेले एमबीपीएस म्हणजे सेकंदाला येणारे मेगाबिट. फाइलचा आकार मात्र आपण मेगाबाइटमध्ये मोजतो, आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. त्यामुळे ४० एमबीपीएसच्या कनेक्शनवरून सेकंदाला जास्तीत जास्त ५ मेगाबाइट इतकी माहिती घरात येऊ शकते. संगणकावर एखादी फाइल उतरवताना ४-५ असा आकडा दिसला, तर आपली फसवणूक झाली असे समजण्याचे कारण नाही.

आता एका चित्रपटाला किती वेग लागतो ते पाहू. नेटफ्लिक्स ७२०पी म्हणजे साध्या एचडी दर्जासाठी ३, १०८०पी म्हणजे फुल एचडीसाठी ५ आणि त्याहून स्पष्ट अशा ४के साठी १५ एमबीपीएस किंवा त्याहून अधिक वेग सुचवते. यूट्यूबचे आकडे याच्या जवळपासचे आहेत : ७२०पी साठी २.५, १०८०पी साठी ५ आणि ४के साठी २०. हे आकडे एका पडद्यासाठीचे आहेत, घरासाठीचे नाहीत. घराचा आकडा काढायचा तर रात्रीची अशी एक वेळ डोळ्यांसमोर आणावी, जेव्हा घरातील सर्वजण एकाच वेळी इंटरनेट वापरत असतात, आणि त्या क्षणी काय काय चालू असते ते कागदावर लिहावे. आपण घरातील माणसांची संख्या लिहिली आहे, पण मोजायचे असतात ते चालू पडदे.

आपल्या घराबाबत मी असे धरतो. माजघरातील टीव्हीवर फुल एचडी चित्रपट, ५. मुलाच्या खोलीतील टीव्हीवर मालिका, आणखी ५. सुनेची कार्यालयीन व्हिडिओ बैठक, ४. नातवाच्या मोबाइलवर ७२०पी मधील व्हिडिओ, २.५. इतर दोन मोबाइलवर लहान चित्रफिती, प्रत्येकी दीडप्रमाणे ३. बेरीज १९.५ एमबीपीएस होते. यात निम्म्याची भर घालावी; म्हणजे सुमारे ३० एमबीपीएस. माजघरात ४के टीव्ही आणला आणि त्यावर खरोखरच ४के चित्रपट लावला, तर पहिल्या ५ च्या जागी २० धरावे, बेरीज ३४.५ आणि निम्मी भर घालून ५२ च्या आसपास होते. तेव्हा आज आपल्याला ४० पुरेसे आहेत, पुढे ४के घेतल्यास ६० च्या आसपासचा प्लॅन घ्यावा लागेल. ३०० एमबीपीएसची गरज या हिशेबात कुठेही निर्माण होत नाही.

निम्मी भर कशासाठी, असे आपण विचाराल. आपल्याकडच्या गुऱ्हाळाचे उदाहरण घेतो, कारण त्यात ही गोष्ट डोळ्यांना दिसते. चुलवाणात जाळ घालणारा माणूस चिपाडाचा ढीग हाताशी ठेवतो आणि त्यातून जाळ एकसारखा चालू ठेवतो. अंगणातून चिपाड आणणाऱ्याला मध्येच दोन मिनिटे उशीर झाला, तरी काहिलीतील रसाची उकळी मोडत नाही, कारण ढिगातले चिपाड तेवढा वेळ पुरते. व्हिडिओचेही असेच असते. टीव्ही पुढचे काही सेकंद, कधी मिनिटभराचे चित्र आधीच साठवून ठेवतो आणि या साठ्यालाच बफर म्हणतात. येणारा वेग खर्चाच्या वेगापेक्षा सरासरीने जास्त असला तरच हा ढीग वाढतो. दोन्ही वेग बरोबरीचे असले, तर मोबाइलने फोटो वर चढवायला घेतले किंवा एखाद्या ॲपचे अपडेट सुरू झाले की ढीग संपतो आणि पडद्यावर गोल फिरू लागते. निम्म्याची भर ही त्या ढिगासाठी असते. मी ती माझ्या अंदाजाने सुचवली आहे. कोणी एक तृतीयांश भर धरतात, पण ज्या घरात लहान मुले आणि पुष्कळ मोबाइल आहेत तिथे निम्मी धरणे मला सुरक्षित वाटते.

आता खरा प्रश्न उरतो. ३० लागतात, ४० घेतले आहेत, मग चित्र का थांबते? कारण ४० हा आकडा सोप्यापर्यंतचा आहे. माजघरापर्यंत किती येतात हे अजून कोणी मोजलेलेच नाही.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. राजारामपुरीतील माझ्या घरी असेच चित्र थांबत होते, तेव्हा मी कसलीही मोजणी न करता ५० वरून १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर गेलो आणि सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरले. त्याच रात्री चित्रपट पूर्वीइतकाच अडखळला. मग मोबाइल घेऊन राउटरशेजारी उभा राहिलो, तेव्हा वेग ९४ दिसला; टीव्हीपाशी येऊन मोजला, तेव्हा ७. आमचा राउटर फ्रिजच्या मागे भिंतीला टेकून ठेवलेला होता, म्हणजे राउटर आणि टीव्ही यांच्यामध्ये अख्खे लोखंडी कपाट उभे केल्यासारखेच होते. तो राउटर उचलून दीड फूट वर, शोकेसच्या माथ्यावर ठेवला आणि टीव्हीपाशी ७ चे ३१ झाले. सहा महिन्यांचे जादा पैसे मात्र गेले. आपल्यावर ती वेळ येऊ नये, म्हणून एवढे विस्ताराने लिहीत आहे.

तेव्हा सर, तीन रात्री एक काम करावे. रात्री नऊ ते दहाच्या दरम्यान, रोजच्याप्रमाणे सर्वांचे मोबाइल चालू असताना, आधी राउटरशेजारी आणि मग टीव्हीसमोर उभे राहून वेग मोजावा आणि वहीत लिहून ठेवावा. एकदा दुपारी तीनच्या सुमारासही मोजावा. त्यासाठी फास्ट डॉट कॉम हे संकेतस्थळ वापरावे, असे मी सुचवीन. ते नेटफ्लिक्सचे असून नेटफ्लिक्सच्याच सर्व्हरपासून आपल्या घरापर्यंतचा वेग मोजते. इतर अनेक स्पीड टेस्ट जवळात जवळचा सर्व्हर निवडतात, आणि तो कधी आपल्याच कंपनीच्या जाळ्यात असतो. त्यामुळे आकडा छान दिसतो, पण चित्रपट ज्या वाटेने येतो त्या वाटेची मोजणी होत नाही.

वहीतले आकडेच पुढे काय करायचे ते सांगतील. राउटरशेजारी दुपारी ४० आणि रात्री १० असे दिसले, तर अडचण घराबाहेर आहे. फायबरची एक तार वाटेत विभागून बत्तीस, कधी चौसष्ट घरांना दिलेली असते आणि पुढेही गावाबाहेर जाणारी मुख्य वाट सर्वांना सामाईक असते. रात्री सगळी पेठ एकदम टीव्ही लावते तेव्हा ती अपुरी पडू शकते. अशा वेळी मोठा प्लॅन घेऊनही ती गर्दी हटत नाही. तारीख-वेळेसह लिहिलेले आकडे दाखवून लेखी तक्रार करावी, आणि दाद लागली नाही तर कनेक्शन बदलण्याचा विचार करावा.

पण आपले पत्र वाचून मला वाटते की राउटरशेजारी वेग पुरेसा आणि माजघरात तुटपुंजा निघेल. जुन्या वाड्यांच्या दगड-मातीच्या भिंती दीड-दोन फूट जाडीच्या असतात आणि वायफायच्या लहरींना त्या फार जड जातात. राउटर बहुधा दोन प्रकारच्या लहरी सोडतो. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान असतात, पण भिंतीपाशी लवकर दमतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीतून अधिक आत पोहोचतात, पण त्यांचा वेग कमी असतो आणि पेठेत घराला घर लागून असल्यामुळे त्यांवर शेजाऱ्यांच्या राउटरची गर्दीही मोठी असते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारे चॅनेल, म्हणजे लहरींच्या वाटा, १, ६ आणि ११ असे तीनच आहेत; त्यांपैकी सर्वांत मोकळे असेल ते तंत्रज्ञाकडून लावून घ्यावे. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात काम करतो आणि चालू असताना वायफायला अडथळा आणतो, हे सुनेला सांगून ठेवावे.

खरा उपाय तारेचा आहे. सर्वांत सोपे म्हणजे कनेक्शन देणाऱ्यालाच फायबरची तार माजघरापर्यंत आणायला सांगून राउटरच आत हलवावा. वाकवताना फायबरला तीव्र कोन देऊ नये, कारण आतला प्रकाश तिथे गळतो आणि वेग घटतो. ते जमत नसेल तर सोप्यातील राउटरपासून टीव्हीपर्यंत कॅट-६ ची लॅन केबल टाकावी. ही केबल १०० मीटरपर्यंत चालते, त्यामुळे अंतराची चिंता नाही. मात्र चौकातून वळचणीखालून न्यायची असेल तर बाहेर वापरायची, ऊन-पाऊस सोसणारी केबलच घ्यावी, कारण आपल्याकडचा पावसाळा साध्या केबलचे वेष्टण फार काळ टिकू देत नाही. बहुतेक टीव्हींवरील लॅनचा पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो आणि ४के साठीही तो भरपूर होतो. याचाच दुसरा अर्थ असा की ३०० चा प्लॅन घेतला तरी त्या तारेतून टीव्हीला १०० पेक्षा जास्त मिळणार नाहीत.

प्रश्न : ताराबाई पार्कमध्ये आमचा फ्लॅट आहे. टीव्हीपाशीच वेग मोजला तर ९५ एमबीपीएस येतो आणि चित्र कधीही थांबत नाही. तरीही ४के टीव्हीवर चित्रपट तितका स्पष्ट दिसत नाही. सुरुवातीचे अर्धे मिनिट तर अगदी धूसर दिसते. वेग आणखी वाढवावा का?
– एक वाचक भगिनी, ताराबाई पार्क

उत्तर : वाढवू नये. चित्रपट एकच एक फाइल म्हणून येत नाही. तो काही सेकंदांच्या तुकड्यांत विभागलेला असतो आणि प्रत्येक तुकडा अनेक दर्जांत तयार करून ठेवलेला असतो. आपला टीव्ही आधी हलक्या दर्जाचा तुकडा मागवतो, तो किती वेळात आला ते पाहतो आणि मग पुढचा वरच्या दर्जाचा मागवतो. म्हणून सुरुवात धूसर असते. ते अर्धे मिनिट सहन करण्यासारखे आहे, आणि त्यामागे चित्र थांबू नये हाच हेतू असतो.

नंतरही स्पष्टता येत नसेल तर कारण बहुधा इंटरनेटमध्ये नसते. नेटफ्लिक्सवर ४के दर्जा केवळ सर्वांत वरच्या प्लॅनमध्ये मिळतो, आणि इतर सेवांतही प्लॅननुसार दर्जा बदलतो. आपण कोणता प्लॅन भरला आहे ते आधी पाहावे. मग ॲपच्या सेटिंगमध्ये डेटा बचतीचा पर्याय चालू नाही ना, ते तपासावे. टीव्हीला वेगळा बॉक्स किंवा स्टिक जोडली असेल, तर ती, टीव्हीचा एचडीएमआय पोर्ट आणि केबल हे तिन्ही ४के चालवणारे हवेत. एकही जुने असले की चित्र खालच्या दर्जावर येते. आणि चित्रपट मुळात ४के मध्ये उपलब्ध आहे की नाही, हेही पाहावे. जुने मराठी चित्रपट आपण आवडीने पाहतो, त्यांतील अनेकांच्या उपलब्ध प्रतीच साध्या दर्जाच्या असतात; त्या प्रतींची नीट निगा राखली गेली नाही, याचे मला नेहमी वाईट वाटते.

प्रश्न : शाहूवाडी तालुक्यातील आमच्या वाडीत फायबर आलेले नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर टीव्ही चालवतो. दिवसाला २ जीबी मिळतात, पण एक चित्रपटही पुरा होत नाही. कोणता दर्जा ठेवावा?
– एक शेतकरी वाचक, शाहूवाडी तालुका

उत्तर : आपल्याकडे वेगाइतकाच साठ्याचाही हिशेब करावा लागेल. रीत एकच आहे : एमबीपीएसला आठने भागावे आणि तासाच्या ३,६०० सेकंदांनी गुणावे; आलेल्या मेगाबाइटना हजाराने भागले की जीबी मिळतात. फुल एचडीचे ५ एमबीपीएस धरले तर तासाला २.२५ जीबी खर्च होतात, म्हणजे आपले २ जीबी पाऊण तास ओलांडून थोड्याच वेळात संपतात. ७२०पी ला यूट्यूबच्या २.५ च्या हिशेबाने तासाला सव्वा जीबीपेक्षा थोडे कमी लागतात. पावणेदोन तास निघतात. ४८०पी साठी यूट्यूब १.१ एमबीपीएस सुचवते, म्हणजे तासाला साधारण अर्धा जीबी. बत्तीस इंची टीव्हीवर ४८०पी चित्र बऱ्यापैकी दिसते आणि चार तास पुरते. अडीच तासांचा चित्रपट पाहून मुलांच्या अभ्यासाला डेटा उरेल. मार्च २०२० मध्ये देशभर लोक घरी अडकले होते, तेव्हा जाळ्यावरचा भार कमी करण्यासाठी व्हिडिओ सेवांनी मोबाइलवर हाच ४८०पी चा दर्जा ठरवून घेतला होता, आणि तेव्हा लाखो घरांनी त्यावर चित्रपट पाहिले.

ॲप आपोआप वरचा दर्जा घेऊ नये, म्हणून तो सेटिंगमध्ये हाताने ठरवून ठेवावा. चित्रपट आधी मोबाइलवर डाउनलोड करता येत असेल तर पहाटे, जाळ्यावर गर्दी नसताना, उतरवून घ्यावा. मग वेग कमी-जास्त झाला तरी बिघडत नाही. मोबाइल टॉवरच्या दिशेच्या खिडकीत ठेवावा आणि तिथून टीव्हीकडे हॉटस्पॉट द्यावा. पुढेमागे वाडीत कोणी ब्रॉडबँड देऊ केले, तर नुसत्या त्या शब्दावर विसंबू नये. सरकारी व्याख्येनुसार ब्रॉडबँड म्हणवण्यास पूर्वी ५१२ केबीपीएस, म्हणजे सुमारे अर्धा एमबीपीएस, पुरत असत. जानेवारी २०२३ पासून ती मर्यादा २ एमबीपीएस झाली आहे. २ एमबीपीएसवर ४८०पी चा एक पडदा नीट चालतो, फुल एचडीचा मात्र चालत नाही. तेव्हा किती एमबीपीएस आणि महिन्याला किती जीबी, हे दोन्ही आकडे लिहून घ्यावेत. फायबरच्या अनेक प्लॅनमध्ये महिन्याची मर्यादा ३,३०० जीबी असते आणि ती घरगुती वापरात सहसा संपत नाही.

प्रश्न : आम्ही मंगळवार पेठेतले, त्यामुळे फुटबॉल आमच्या रक्तातच आहे. २०२२ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना आम्ही मोबाइलवरील ॲप टीव्हीला जोडून पाहिला. अर्जेंटिना आणि फ्रान्स यांच्यातला सामना पेनल्टीवर गेला, तेव्हा प्रत्येक फटक्याचा निकाल आम्हाला शेजारच्या घरातील आरोळीवरून आधीच कळत होता. त्यांच्याकडे डिश आहे. आमचे कनेक्शन १०० एमबीपीएसचे असून चित्र एकदाही थांबले नव्हते. वेग २०० केला तर ही पिछाडी भरून निघेल का?
– एक फुटबॉलप्रेमी, मंगळवार पेठ

उत्तर : निघणार नाही, आणि त्या रात्री आपल्याला काय वाटले असेल ते मी समजू शकतो. ही पिछाडी वेगाच्या कमतरतेची नसून काम करण्याच्या पद्धतीची आहे. मैदानावरील चित्र आधी सांकेतिक रूपात बदलले जाते, मग त्याचे तुकडे पाडले जातात, ते देशभरच्या सर्व्हरवर पाठवले जातात आणि मग आपला टीव्ही ते मागवतो. तुकडा सहा सेकंदांचा असेल आणि टीव्हीने सुरक्षिततेसाठी असे तीन तुकडे हाताशी ठेवले, तर तिथेच अठरा सेकंद जातात. त्यात आधीच्या कामाचा वेळ मिळवला की अर्ध्या मिनिटाच्या आसपास अंतर पडते. डिशचे चित्र उपग्रहावरून एकसलग येते, त्याला हा साठा करावा लागत नाही. तेही काही सेकंद मागे असते, पण आपल्यापेक्षा पुष्कळ पुढे.

थेट सामन्यासाठी वेगाचा हिशेब मात्र थोडा कडक धरावा. चित्रपटात टीव्ही पुढचे बरेच चित्र साठवून ठेवू शकतो. सामना अजून व्हायचाच असल्यामुळे इथे साठा लहानच राहतो आणि क्षणभराची घटसुद्धा पडद्यावर दिसते. म्हणून सामन्याच्या वेळी निम्म्याऐवजी तेवढीच भर धरावी, म्हणजे आकडा दुप्पट करावा. फुल एचडी सामन्यासाठी टीव्हीपाशी १० एमबीपीएस सतत मिळत असतील तर काळजी नाही. आपल्याकडे ते आहेतच. शक्य असेल तर त्या दिवशी टीव्ही वायफायवर न ठेवता लॅन केबलने जोडावा.

एक गोष्ट मात्र आपल्या हातात आहे. सामन्यात मध्येच चित्र अडखळले किंवा कोणी थोडा वेळ थांबवून ठेवले, तर ॲप तिथूनच पुढे चालू राहते आणि तेवढे सेकंद पिछाडीत कायमचे मिळतात. अशा वेळी पडद्याच्या खालच्या पट्टीवर ‘लाइव्ह’ असे लिहिलेले असते, त्यावर दाबावे. टीव्ही उपलब्ध असलेल्या ताज्या तुकड्यापाशी येतो. मध्यंतरानंतर आणि जादा वेळ सुरू होताना हे आठवणीने करावे. पेनल्टीच्या वेळी शेजाऱ्यांच्या आधी कळायचे असेल, तर त्या दिवसापुरती डिशचीच जोडणी लावावी.